डाव्या कोपऱ्यातली मुलगी

अलकाने अकरा जर्सी आणल्या होत्या, आणि पोरी म्हणत होत्या की एक कमी पडली.

सप्टेंबरचे दिवस, संध्याकाळचे पाच वाजलेले. गावाच्या लालबाग भागातल्या बंद शाळेच्या मागे जे बास्केटबॉल कोर्ट आहे, तिथे पोरी गोल करून बसल्या होत्या. अलकाने एकेकीचं नाव घेऊन निळी जर्सी हातात दिली, रिकामी पिशवी झटकली, तिची घडी घातली. तेव्हा कोमल म्हणाली, "मॅडम, आणि तिची?"

"कोणाची?"

"तिची ना." कोमलने डाव्या कोपऱ्याकडे हनुवटी केली. तिथे कोर्टची पांढरी रेघ कंपाउंडच्या भिंतीच्या अगदी जवळ जाते आणि पलीकडच्या कडुनिंबाची सावली आत पडते. कोपऱ्यात कोणी नव्हतं.

"अकरा नावं, अकरा पोरी," अलका हसून म्हणाली. "मोजा पाहिजे तर."

पोरींनी मोजलं नाही. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. वर्गात एखाद्या पोरीचा अपमान झाला की बाकीच्या जशा गप्प होतात, तशा.

अलका शेहेचाळीस वर्षांची होती. बुधवारा पेठेतल्या एका खाजगी शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. लालबागेची ही बंद शाळा म्हणजे ती लहानपणी शिकली ती शाळा. मुली दुसरीकडे गेल्या, इमारतीला कुलूप लागलं, पण मागचं कोर्ट शिल्लक राहिलं. दोन वर्षांपूर्वी तिने खेटे घालून त्याची किल्ली मिळवली, तडे बुजवून घेतले, रिंगला नवी जाळी बांधली. मग यंदा जूनमध्ये ती पोरी गोळा करायला निघाली. कापडाच्या लूमच्या गल्ल्यांत गेली, जिथे बोलायचं तर यंत्रांच्या खडखडाटावरून ओरडावं लागतं. शहापूरच्या रस्त्याला केळीच्या बागांत घड तोडणाऱ्या मजुरांकडे गेली. आदिवासी मुलींच्या हॉस्टेलवर गेली, तिथे धूळकोटकडच्या डोंगरातल्या बारेला पोरी शिकत होत्या. लोक विचारत, या भानगडीत कशाला पडता? ती सांगे, एकत्र खेळल्या की पोरी जवळ येतात. ते खरंच होतं. पण त्याच्या खालचं खरं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही ते तिने कधी सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं.

पहिले दोन महिने पोरी जवळ आल्या नाहीत. लूमच्या पोरी एका बाजूला, केळीवाल्यांच्या एका बाजूला, हॉस्टेलच्या तिसऱ्या बाजूला. पाण्याच्या बाटल्यांचेही तीन ढीग असत. शगुफ्ता लूमवाल्यांची, उंच, तोंडाने फटकळ. तिला पास देताना कोमल बॉल असा टाके की जणू हातातून काहीतरी घाण फेकते आहे. हॉस्टेलच्या सेवलीला तर कोणी पासच देत नसे. सेवली वाऱ्यासारखी पळायची, आणि पळून रिकाम्या हाताने परत यायची.

मग ऑगस्टमध्ये एका आठवड्यात सगळं बदललं. शगुफ्ताने न सांगता सेवलीला पास दिला. कोमल शगुफ्ताच्या बाटलीतून पाणी प्याली. शनिवारी अलका आली, तर बाटल्यांचा एकच ढीग. तिला रडू आलं होतं. घरी जाऊन तिने नवऱ्याला, निरंजनला, तीनतीनदा सांगितलं, "जमलं बरं का मला."

आता जर्सीची रिकामी पिशवी काखेत धरून ती कोमलला बाजूला घेऊन गेली.

"कोण गं ती?"

"शगुफ्ताच्या गल्लीतली आहे ना," कोमल म्हणाली. "तिच्याच बरोबर येते. म्हणजे... मला तसंच वाटलं."

अलकाने शगुफ्ताला विचारलं. शगुफ्ता म्हणाली, "नहीं मॅडम, वो तो हॉस्टेलवाली है. सेवली की."

सेवली हळू बोलायची, जमिनीकडे बघून. ती म्हणाली, "वो कोमल के गाव की. आमच्या हॉस्टेलात नाही ती."

तिघींना एकत्र उभं केलं तेव्हा त्यांच्याच चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या एकमेकींना विचारू लागल्या, तुझी नाही? तुझी नाही? बाकीच्या आठजणी जवळ येऊन उभ्या राहिल्या. ती कोणाचीच नव्हती.

"दिसते कशी?" अलकाने विचारलं.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आमच्याएवढीच आहे. निळा स्कर्ट घालते, मोठा होतो तिला, नाडी बांधते कमरेला. पायात काही नसतं. उन्हातसुद्धा. बोलत नाही जास्त. तहान फार लागते तिला, सारखं पाणी मागते, जिच्या हातात बाटली दिसेल तिच्याकडे. "मेरी बोतल कोमल ने दी उसको," शगुफ्ता म्हणाली, "फिर मैंने सेवली की दी. ऐसे ही चालू हो गया."

"आणि कोपऱ्यातून बॉल टाकते ना मॅडम," कोमल म्हणाली, "तेव्हा डावा डोळा मिटते. एकपण चुकत नाही तिचा."

अलकाने शिट्टी वाजवून त्या दिवशीचा सराव संपवला. पोरी गेल्यावर तिने गेटला कुलूप लावलं आणि स्कूटीवर बसली. पण दहा मिनिटं तिने किल्ली फिरवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाईल बाकावर टेकवला आणि खेळाचं चित्रण केलं. पोरी खेळल्या, पण दबकून. तरी सवयीने पास डाव्या कोपऱ्यात जात होते. अलकाने ते महिनाभर पाहिलं होतं, आणि बॉल भिंतीवर आपटून परत येतो असंच धरून चालली होती. घरी स्वयंपाकघरात उभी राहून तिने चित्रण बघितलं. कोपऱ्यात गेलेला बॉल परत येत होता खरा, पण भिंतीला लागत नव्हता. भिंतीच्या हातभर अलीकडे तो थांबे, अर्धा श्वास घ्यावा इतकाच, आणि मग नीट, छातीच्या उंचीवर, मोकळ्या असलेल्या पोरीच्या हातात येई. एकदा शगुफ्ताला, एकदा कोमलला, आणि सगळ्यात जास्त वेळा सेवलीला.

दूध उतू गेलं. निरंजनने येऊन गॅस बंद केला आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," अलका म्हणाली. चौतीस वर्षं ती हेच म्हणत आली होती.

डावा डोळा मिटून बॉल टाकणारी एकच मुलगी तिला माहीत होती. शारदा.

शारदाची आई शाळेचे संडास धुवायची. हेडबाईंनी कृपा म्हणून तिच्या मुलीला शाळेत घेतलं होतं. शारदा मागच्या बाकावर एकटी बसायची, पण कोर्टवर तिला तोड नव्हती. अलका संघाची कॅप्टन होती आणि सगळे डाव शारदासाठी रचले जात, कोपऱ्यात शारदाला द्या, बास. मग खंडव्याला विभागाच्या स्पर्धेला जायचं ठरलं. तीन दिवस, एका खोलीत राहणं, एका पंगतीत जेवण. मुलींच्या आया शाळेत आल्या. संडासवालीच्या पोरीने आमच्या पोरींच्या माठाला हात लावायचा असेल, तर आमच्या पोरी जाणार नाहीत. हेडबाईंनी अलकाला बोलावून घेतलं. बाईसुद्धा खाली बघत होत्या. "तू कॅप्टन आहेस," त्या म्हणाल्या. "तूच काहीतरी सांग तिला."

अलका बारा वर्षांची होती. तोंडावर सांगायची तिची हिंमत झाली नाही. ती शारदाला म्हणाली, "उद्या सकाळी सातला कोर्टवर ये. बस इथूनच निघणार आहे."

बस कोर्टवरून नाही, शनवारा पेठेतून सहाला निघाली. खिडकीतून अलकाने वेस मागे जाताना पाहिली, आणि नंतर ती इतर मुलींबरोबर गाणी म्हणू लागली.

परत आल्यावर शारदा शाळेत दिसली नाही. पुढेही कधी दिसली नाही. कोणी विचारलं नाही, आणि अलकाने तर नाहीच.

आता तिला एकच समजूत घालता येत होती, की शारदा मेली. कधी, कशी, ते ठाऊक नाही, पण मेली, आणि बारा वर्षांची होऊन तिथे उभी आहे. त्या रविवारी ती शाळेच्या जुन्या शिपायाला, पंडितकाकांना, भेटायला गेली. काका आता नातवंडांत बसून असत, ऐकायला कमी येई, पण डोकं जाग्यावर होतं.

"शारदा?" ते म्हणाले. "मरायला काय झालं तिला? वेफर्सच्या कारखान्यात आहे ना ती, रेल्वे फाटकाच्या पलीकडं. परवाच माझी सून बोलली तिच्यासंगं."

मेलेली असती तर बरं, असा विचार आपल्या मनात येऊन गेला हे अलकाला कळलं, आणि तिची तिलाच शिसारी आली.

कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबट शेड होतं. दुपारची वेळ, आत तेलाचा उग्र वास, आणि ओळीने बसलेल्या बाया कच्ची केळी सोलून पाण्याच्या टोपात टाकत होत्या. शारदा टोकाला बसली होती. केस पिकलेले, बोटं केळीच्या चिकाने काळी पडलेली. अलकाने तिला ओळखलं नाही. तिने अलकाला ओळखलं.

"अलका ना तू? ये, बस. इथं चीक लागंल साडीला, तिकडं बस."

वाटेत मनात घोकून ठेवलेलं सगळं अलका विसरली. ती म्हणाली, "शारदा, त्या दिवशी तू किती वेळ थांबलीस?"

शारदाचा सुरीवरचा हात थांबला नाही. "दिवस मावळेपर्यंत. ऑक्टोबरचं ऊन होतं, कोर्ट तापलेलं. मला वाटे, बस उशिरा येऊन राहिली असंल. पाण्याला बी गेली नाही मी. म्हटलं, तेवढ्यात बस येईल न् निघून जाईल. मग आई आली न्यायला."

"मी खोटं बोलले होते तुझ्याशी."

"ते कळलं मला. दुसऱ्या दिवशी कळलं." तिने सोललेलं केळं टोपात टाकलं. "पण एक गोष्ट सांगू का? आईसंगं घरी गेले ना, तर मला वाटे, काहीतरी तिथंच राहिलं. चप्पल विसरली की पायाला कसं कळतं, तसं. अन् तेव्हापासून मला तहान लागत नाही."

"म्हणजे?"

"लागतच नाही. दवाखाने झाले, सगळं झालं. डॉक्टर म्हणे, घड्याळ बघून पाणी पी. तशीच पिते. तोंडाला चव नाही, काही नाही. औषध घ्यावं तसं."

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मग अलकाने काही न लपवता सांगितलं, पोरींचं, जर्सीचं, बाटल्यांचं, मोबाईलमध्ये दिसलेल्या बॉलचं. शारदा ऐकत राहिली. शेवटी तिने सुरी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले.

"अजून तिथंच आहे का ती?" एवढंच तिने विचारलं.

"मला दिसत नाही. पोरींना दिसते." अलका म्हणाली. "शारदा, मला माफ कर."

"तुझं मी कधीचंच सोडून दिलं गं," शारदा म्हणाली. "लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली, कुठं धरून बसू? पण माझं माझ्यापाशी. तिचं मला नाही सांगता येत."

दुसऱ्या दिवशी ती कोर्टवर आली. कामावरून सरळ आली होती, साडीला केळीचे डाग तसेच. अलकाने गेट उघडलं, पण शारदा पटकन आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहून तिने आधी रिंगकडे पाहिलं, मग कुलूप लागलेल्या इमारतीकडे, आणि सगळ्यात शेवटी डाव्या कोपऱ्याकडे.

खेळ आपोआप थांबला. पोरी शारदाकडे बघत, मग कोपऱ्याकडे, मग पुन्हा शारदाकडे. शगुफ्ताने तोंडावर हात ठेवला. बॉल कोणाच्या तरी हातातून सुटला आणि टप्पे घेत घेत गटारीच्या जाळीपाशी जाऊन थांबला.

शारदा सावकाश चालत कोपऱ्यात गेली. कडुनिंबाची सावली तिच्या अंगावर आली. तिथे ती बराच वेळ उभी होती, मान किंचित खाली घालून, समोरच्याचं बोलणं ऐकावं तशी. अलकाला फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. मग शारदा म्हणाली, आणि ते सगळ्यांनी ऐकलं:

"चल गं. बस गेली."

तिने हात पुढे केला. थोड्या वेळाने बोटं मिटली. ती वळली आणि परत निघाली, उजवा हात जरासा बाजूला, बारा वर्षांच्या पोरीचा हात जिथे असतो तिथे. तिचं पाऊलही आखडलं होतं, लहान पावलांशी जुळवून घ्यावं तसं. अकरा पोरींच्या माना एकदम फिरत गेल्या. कोर्ट ओलांडून, बाकावरून, गेटपर्यंत. गेटजवळ नळ होता. शारदाने डाव्या हाताने तो सोडला, तोच तळवा धारेखाली धरला आणि वाकून पाणी प्याली. पीतच राहिली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून पोलक्यात ओघळत होतं आणि ती घटाघट पीत होती. उजव्या हाताची मूठ मात्र तिने सोडली नाही.

ती गेल्यावर सेवली रडायला लागली. "उसने पीछे देखा भी नहीं," ती म्हणत होती.

इथे सगळं नीट व्हायला हवं होतं. झालं नाही. दुसऱ्या दिवशी बाटल्यांचे पुन्हा तीन ढीग दिसले. कोपऱ्यात गेलेला पास भिंतीवर आपटून कुठेतरी भलतीकडेच जाई, आणि शगुफ्ता म्हणे कोमलची चूक, कोमल म्हणे हॉस्टेलवालीची. आठवड्यात सेवली यायची बंद झाली. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती, पुन्हा तीच विभागाची, पुन्हा खंडव्यालाच. अलका रोज शिट्टी वाजवी आणि तिला कळून चुके की जे तिला जमलं असं ती समजत होती, ते तिला कधीच जमलं नव्हतं. ते दुसऱ्याच कोणीतरी, तहानलेल्या पोरीने, करून दिलं होतं.

एका संध्याकाळी तिने दहाही जणींना खाली बसवलं आणि सांगितलं. आया शाळेत आल्या होत्या ते, माठाचं, सात वाजताचं, सहाच्या बसचं. एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही.

मग शगुफ्ताने विचारलं, "और आप गये? उसको छोडके?"

"हो. गेले."

"जीते?"

"जिंकलो," अलका म्हणाली. "कप आणला."

शगुफ्ता उठली, चप्पल घातली आणि गेटबाहेर गेली. तिच्या मागे तिच्या गल्लीतल्या दोघी गेल्या. कोमल बसून राहिली. जमिनीवर बोटाने रेघा ओढत ती म्हणाली, "माझ्या आईनेपण सांगितलंय मॅडम, त्यांच्या बाटलीतलं पिऊ नको. मी तिला सांगितलंच नव्हतं, मी पिते म्हणून."

त्या दिवशी अलकाने संघाचं नाव मागे घ्यायचं ठरवलं. अर्ज लिहूनही ठेवला.

तो द्यावा लागला नाही. दोन दिवसांनी ती कोर्टवर पोचली, तेव्हा गेटसमोर तिघी भांडत उभ्या होत्या. शगुफ्ता, कोमल आणि सेवली. कोमल भावाची सायकल घेऊन हॉस्टेलवर गेली होती, पत्ता विचारत विचारत शगुफ्ताही तिथेच पोचली होती, आणि सेवली यायला तयार नव्हती म्हणून दोघींनी वॉर्डनसमोर तिच्याशी एवढा वाद घातला होता की वॉर्डननेच तिला दोघींबरोबर धाडून दिलं. आता भांडण चाललं होतं ते सायकल पंक्चर कोणामुळे झाली यावरून. अलकाने कुलूप उघडलं.

खंडव्याला त्या पहिला सामना जिंकल्या, दुसरा चार गुणांनी हरल्या. जाताना बस कोर्टच्या गेटवरूनच निघाली होती. अलका बसच्या पायरीवर उभी राहिली आणि अकरावी पोर आत चढल्याशिवाय तिने ड्रायव्हरला हलू दिलं नाही. परतीच्या वाटेवर पोरी झोपल्या, एकमेकींच्या अंगावर कशाही कलंडून. हरण्याचं दुःख कोणाला फारसं झालेलं दिसलं नाही.

दिवाळीनंतर अलका दराब्याच्या मिठाईचा डबा घेऊन शारदाच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं अंगण. शारदा ओळखू येईना इतकी ताजी दिसत होती. गालावर तुकतुकी आली होती. ती पाण्याचा मोठा तांब्या घेऊन बसली होती आणि बोलता बोलता मधूनच एक घोट घेत होती. खोलीच्या कोपऱ्यात एक लहान चटई अंथरलेली होती. तिच्यावर एक ताट पालथं ठेवलेलं होतं. अलकाने त्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"रुळली का?" तिने हळूच विचारलं.

"रुळली. पहिले आठ दिवस झोपेत पाय हलवायची. पाच वाजले की दाराशी जाऊन उभी. आता बसते माझ्यापाशी." शारदाने दराब्याचा एक घास तोंडात टाकला, आणखी एक चटईवरच्या ताटाशेजारी ठेवला. मग तिने अलकाकडे पाहिलं, जरा काळजीनेच. "तुझी घेतली का तू?"

"माझी काय?"

"तुझी पोरगी. मी आली त्या दिवशी दोघी होत्या ना तिथं. एक कोपऱ्यात, अन् एक पायऱ्यांवर, शाळेच्या मागच्या बंद दारापुढं. दोन वेण्या, लाल रिबिनी. मांडीवर कापडी बॅग घेऊन बसलेली. खेळत नव्हती. नुसती आमच्याकडं बघू राहिली होती." शारदा थांबली. "मला वाटलं, तुला ठाऊक असंल. मी माझी आणली. तुझी मी कशी आणणार?"

ती कापडी बॅग अलकाच्या आईने खंडव्याला जाण्यासाठी शिवली होती, जुन्या पडद्याची. हे अलकाने कोणाला कधी सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

घरी कशी आली ते तिला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ती पाचच्या आधी कोर्टवर पोचली. पोरी आल्या, बाटल्या ठेवल्या, बूट बांधायला बसल्या. अलकाने शाळेच्या पायऱ्यांकडे पाहिलं. पाचोळा होता, उतरतं ऊन होतं, दाराला गंजलेलं कुलूप होतं. बाकी काही नव्हतं.

"पोरींनो," ती म्हणाली, "तिथे पायऱ्यांवर कोणी बसतं का?"

बूट बांधणारे हात थांबले.

"रोज," सेवली म्हणाली.

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शगुफ्ता, जिला कशाचीच भीड नसे, ती खाली बघत म्हणाली, "हमें लगा मॅडम, वो आपकी है. आप ही लेके आते हो."

अलकाने गळ्यातली शिट्टी काढून कोमलच्या हातात दिली. "तुम्ही सुरू करा," ती म्हणाली आणि कोर्ट ओलांडून पायऱ्यांकडे चालू लागली. मागे बॉलचा टप्पा ऐकू आला नाही. सगळ्या बघत असाव्यात. ती तिसऱ्या पायरीपर्यंत चढली, वळली आणि पदर सावरून बसायला वाकली.

"मॅडम," सेवली तिकडून ओरडली, "थोडं बाजूला. तिच्या अंगावर बसाल."